समांतर क्रीडामेळ्यांचे राजकारण

३ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्तातील भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. काचा फुटल्या, सामानाची नासधूस झाली. चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा संपत आल्या होत्या आणि जमावाच्या रोषाचे निमित्त होते गुरुदत्त सोंधी हे भारतीय क्रीडासंघटक. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या, त्यामागची कल्पना आणि खटपट प्रामुख्याने याच सोंधींची. जाकार्तात त्यांनी एकच आग्रह धरला होता: यजमान देशाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेशच दिलेला नसेल, तर या स्पर्धांना 'आशियाई स्पर्धा' म्हणता येणार नाही. सोंधींना घाईघाईने विमानाने जाकार्ता सोडावे लागले. दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना झाला. लाखभर प्रेक्षक भारताची हुर्यो उडवीत होते. अशा वातावरणात प्रदीपकुमार बॅनर्जी आणि डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. त्या गर्दीत भारतीय संघासाठी टाळ्या वाजवणारे होते ते पाकिस्तानचे हॉकीपटू, अशी आठवण सांगितली जाते. खेळाडूंची सोयरीक सरकारांच्या सोयरिकीहून कधीकधी निराळी असते, एवढेच तिचे तात्पर्य.

नेहरू आणि सुकार्णो बांडुंगच्या व्यासपीठावर शेजारी बसले त्याला तेव्हा अवघी सात वर्षे लोटली होती. आशियाई बंधुभावाची भाषा इतक्या लवकर दगडफेकीवर का यावी? सुकार्णोंची लहर, असे उत्तर त्या काळी पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी दिले. आपल्याकडेही पुष्कळांनी ते मानले. ते अपुरे आहे. जाकार्तात जे घडले आणि त्यापाठोपाठ १९६३ मध्ये जो समांतर क्रीडामेळा तेथे भरला, त्याकडे नीट पाहिले तर आजच्याही काही घडामोडींचा उलगडा होतो.

प्रथम सुकार्णोंच्या बाजूचे जे खरे होते ते मान्य केले पाहिजे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ही तेव्हा प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील उमराव, सेनाधिकारी आणि धनिक यांची मंडळी होती. समितीचे सभासदच नवे सभासद निवडीत. तिचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार घालू नये म्हणून आपली सारी शक्ती पणाला लावली होती, आणि तीही 'खेळात राजकारण नको' याच मंत्राने. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेष १९४८ पासून राज्याचे अधिकृत धोरण झालेला होता. तरीही १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्या देशाचा निखळ गोऱ्यांचा संघ सन्मानाने उतरला. त्याला दूर ठेवायला १९६४ साल उजाडले आणि त्याची हकालपट्टी व्हायला १९७०. इंडोनेशियाला मात्र ७ फेब्रुवारी १९६३ रोजी, म्हणजे जाकार्ताच्या स्पर्धा संपून जेमतेम पाच महिने झाले असताना, समितीने बेमुदत निलंबित केले. कृष्णवर्णीयांना स्वदेशाच्या संघातून हद्दपार करणाऱ्यांबाबत दीड दशकाची सबुरी आणि दोन संघांना प्रवेश नाकारणाऱ्या नवस्वतंत्र देशाला पाच महिन्यांत शिक्षा, हा हिशेब जाकार्ताच्या रस्त्यावरील माणसालाही कळत होता. खेळ आणि राजकारण यांचा संबंध नाही हे म्हणणेच ढोंग आहे, आम्ही तो संबंध उघडपणे सांगतो, असे सुकार्णो म्हणाले. त्यांचे निदान बिनचूक होते. वाद आहे तो औषधाविषयी.

औषधाचे नाव होते 'गानेफो', म्हणजे नवोदित शक्तींचे क्रीडामेळे. जग जुन्या प्रस्थापित शक्ती आणि नव्याने उदयास येणाऱ्या शक्ती यांत विभागले गेले आहे, हा सुकार्णोंचा आवडता सिद्धान्त. त्याला या मेळ्याने देह मिळायचा होता. एप्रिल १९६३ मध्ये जाकार्तात पूर्वतयारीची परिषद झाली. तिला दहा देश होते: इंडोनेशिया, चीन, सोव्हिएत संघ, पाकिस्तान, कंबोडिया, उत्तर व्हिएतनाम, इराक, संयुक्त अरब गणराज्य, गिनी आणि माली. या यादीत भारत नाही आणि पाकिस्तान आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ चे चीन-भारत युद्ध आठवले की यादीचा अर्थ लागतो. १० ते २२ नोव्हेंबर १९६३ या काळात प्रत्यक्ष मेळा भरला. सुमारे पन्नास देशांचे दोन-अडीच हजारांहून अधिक खेळाडू आले. आकडा छोटा नाही, पण त्याची फोड करून पाहावी लागते. अनेक पथके त्या त्या देशाच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पाठवलेली नव्हतीच. जपानला १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे यजमानपद भूषवायचे होते, म्हणून त्याच्या अधिकृत संघटना दूर राहिल्या आणि एक अनधिकृत पथक तेवढे जाकार्ताला गेले.

अर्थशास्त्रात एक साधी सवय लावली जाते. घोषणा बाजूला ठेवायच्या आणि खर्च कोणाच्या खात्यावर पडला ते पाहायचे. जाकार्तातील ते प्रचंड क्रीडांगण, एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतील असे, १९६२ च्या आशियाई स्पर्धांसाठी सोव्हिएत संघाने दिलेल्या सव्वा कोटी डॉलरच्या कर्जातून उभे राहिलेले. गानेफोसाठी अनेक पथकांच्या प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलला तो चीनने. म्हणजे नवोदित शक्तींच्या या उत्सवात मांडव एका बड्या सत्तेचा आणि पाहुण्यांचे भाडे दुसरीचे! आणि याच सुमारास या दोन सत्तांमधील वाद विकोपाला गेलेला. चीन १९५८ मध्ये तैवानच्या प्रश्नावरून ऑलिंपिक चळवळीतून बाहेर पडला होता. त्याला जगापुढे येण्यासाठी रंगमंच हवा होता. त्याने आपले उत्तमोत्तम खेळाडू उतरवले आणि पदकतालिकेत पहिला क्रमांक घेतला. सोव्हिएत संघाची अडचण वेगळी होती. गैरहजर राहावे तर आशिया-आफ्रिकेत चीनला मोकळे रान मिळणार. पहिल्या फळीचे खेळाडू पाठवावे तर टोकियोचे दार बंद होणार, कारण गानेफोत उतरणाऱ्यांना टोकियोत खेळू दिले जाणार नाही असे बजावण्यात आले होते. मॉस्कोने मध्यममार्ग काढला आणि दुय्यम फळी पाठवली. क्रांतिकारी बंधुत्वाचे हे मोजमाप बोलके आहे.

टोकियोच्या दाराची पर्वा न करता जी मुले-मुली जाकार्तात जीव तोडून धावली, त्यांत उत्तर कोरियाची शिन गुम-दान होती. ४०० मीटर अंतर तिने ५१.४ सेकंदांत आणि ८०० मीटर १ मिनिट ५९.१ सेकंदांत तोडले. जगात तोवर कोणतीही स्त्री इतक्या वेगाने धावली नव्हती. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने हे विक्रम दप्तरी लावले नाहीत. पुढल्या वर्षी टोकियोत स्त्रियांची ४०० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाली आणि ती ५२.० सेकंदांत जिंकली गेली. ८०० मीटरचे सुवर्णपदक २ मिनिटे १.१ सेकंद या वेळेला मिळाले. वेगवेगळ्या दिवसांच्या धावा अशा शेजारी मांडून निकाल लावता येत नाही हे खरे, तथापि दोन्ही शर्यतींत तिला मोठी आशा होती याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. गंमत अशी की इंडोनेशियावरील निलंबन १९६४ मध्ये उठले होते. राष्ट्राला माफी मिळाली; ॲथलेटिक्स आणि जलतरण यांच्या जागतिक संघटनांनी व्यक्तिशः खेळाडूंवरची बंदी मात्र कायम ठेवली. शिन टोकियोपर्यंत पोहोचली होती. तिला धावू देणार नाहीत हे निश्चित झाल्यावर उत्तर कोरियाने सगळे पथक परत बोलावले. इंडोनेशियाचेही पथक परतले. निघण्यापूर्वी तिला एक माणूस भेटायला आला. कोरियन युद्धात ताटातूट होऊन दक्षिणेत राहिलेला तिचा बाप. इतक्या वर्षांनी झालेली ही भेट काही मिनिटांत आटोपली आणि मुलगी गाडीत बसून निघून गेली.

या काही मिनिटांना त्या काळच्या शीतयुद्धाच्या इतिहासात तळटीपेचीही जागा नाही. ऑलिंपिक समितीला इंडोनेशियाला अद्दल घडवायची होती, उत्तर कोरियाला दक्षिणेपुढे नमते घ्यायचे नव्हते. दोघांच्याही हिशेबात शिन गुम-दान ही खर्ची घालण्याची रक्कम होती.

गानेफोचा पुढचा अध्याय थोडक्यात सांगता येतो. दुसरा मेळा १९६७ मध्ये कैरोला व्हायचा होता, तो झालाच नाही. १९६६ च्या अखेरीस नॉम पेन्ह येथे 'आशियाई गानेफो' भरला आणि तेथेच ही चळवळ आटोपली. दरम्यान इंडोनेशियात मलेशियाविरुद्धचा 'संघर्ष', भव्य इमारती आणि तुटीचा अर्थसंकल्प यांनी चलनाची दाणादाण उडवली होती. १९६५-६६ मध्ये महागाई ६०० टक्क्यांच्या घरात गेली. ऑक्टोबर १९६५ पासून लष्कराच्या आश्रयाने कम्युनिस्ट आणि त्यांच्या सहानुभूतिदारांची जी कत्तल झाली, तीत किमान पाच लाख माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. क्रीडांगण राहिले. संयुक्त राष्ट्रसंघाला पर्याय म्हणून सुकार्णो जी नवोदित शक्तींची परिषद भरवणार होते, तिच्यासाठी शेजारीच बांधायला घेतलेली वास्तू पुढे सुहार्तोंच्या संसदेच्या कामी आली. अशा भव्यतेची किंमत कोण मोजतो हे भारतीय वाचकाला लांबून शिकण्याची गरज नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांना किमान वेतनही मिळत नसल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही वेठच होय, असे न्यायालयाला त्याच वर्षी सांगावे लागले.

नवस्वतंत्र देशांचा अननुभव म्हणून हे सोडून द्यावे, तर महासत्तांनी निराळे काय केले? अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ अमेरिकेने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार पुकारला आणि मॉस्कोच्या उद्घाटनाच्या दोन-तीन दिवस आधी, १६ व १७ जुलैला, फिलाडेल्फियात बहिष्कार घालणाऱ्या देशांच्या ॲथलीटांची पर्यायी स्पर्धा भरवली. सोव्हिएत फौजा त्यानंतर आणखी साडेआठ वर्षे अफगाणिस्तानात होत्या. भारताने मॉस्कोत हॉकीचे सुवर्णपदक मिळवले याचा आनंद आपल्याला झाला, आणि पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, पाकिस्तान तेथे नव्हते हेही आपण सोयीस्करपणे विसरलो. १९८४ मध्ये सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार घालून त्याची परतफेड केली आणि नऊ समाजवादी देशांत मिळून 'मैत्री' क्रीडास्पर्धा भरवल्या. बरोबरी दिसू नये म्हणून ऑलिंपिकच्या तारखा तेवढ्या टाळल्या. त्या वर्षी लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचे ४०० मीटर अडथळा शर्यतीचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. ती हळहळ अजून ताजी आहे. मोरोक्कोच्या नवाल एल मुतावकिलने ती शर्यत ५४.६१ सेकंदांत जिंकली आणि अरब-आफ्रिकी स्त्रियांसाठी एक नवे दार उघडले. पण त्याच जूनमध्ये कीव्ह येथे ५३.५८ सेकंदांचा जागतिक विक्रम करणारी मार्गारिता पोनोमार्योवा कोठे होती? तिच्या सरकारने तिला घरी बसवले होते. मुतावकिल आणि उषा यांना पोनोमार्योवाशी धावण्याची आणि पोनोमार्योवाला त्यांच्याशी धावण्याची संधी कोणी हिरावली, हा प्रश्न मैत्रीच्या त्या मेळ्यात कोणी विचारला नाही.

(दोन वर्षांनी टेड टर्नर या अमेरिकी दूरचित्रवाणी-मालकाने 'सद्‌भावना' स्पर्धा मॉस्कोत भरवल्या. सोव्हिएत सरकारने इस्रायल आणि दक्षिण कोरिया यांना येऊ दिले नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या सैनिक-खेळाडूंना जाऊ दिले नाही. सद्‌भावनेत टर्नर यांचे अडीच कोटी डॉलरहून अधिक बुडाले.)

मग क्रीडाक्षेत्रातील प्रस्थापितांना पर्याय उभारूच नये काय? समाजवादी चळवळीच्या स्वतःच्या इतिहासात याचे निराळे उत्तर आहे आणि ते आपल्या कार्यकर्त्यांनाही फारसे ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धातील पराभूत जर्मनीला १९२० आणि १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये प्रवेश नव्हता. १९२५ मध्ये फ्रांकफुर्टला कामगार क्रीडा संघटनांनी पहिले कामगार ऑलिंपियाड भरवले, तेव्हा सात वर्षांपूर्वी खंदकांतून एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे कामगार 'पुन्हा युद्ध नको' या घोषणेखाली एका मैदानावर आले. राष्ट्रध्वजांच्या जागी एकच लाल झेंडा होता. १९३१ मध्ये व्हिएन्नाला २६ देशांतून सुमारे ८० हजार माणसे सहभागी झाली. पुढल्या वर्षीच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंची संख्या दीड हजारही नव्हती. त्यात विक्रमवीर थोडे, हौशी व्यायामपटू, स्त्रिया आणि मुले फार. पैसा कुठून आला, हा प्रश्न येथेही विचारलाच पाहिजे. प्राटर येथील क्रीडांगण व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने बांधले, म्हणजे सार्वजनिक पैसा होताच. पण तंबू ज्यांनी ठोकायचे, वर्गणी ज्यांनी द्यायची आणि मैदानात ज्यांनी उतरायचे ती माणसे एकच होती. कोणत्या देशाचा झेंडा किती वेळा वर गेला हे मोजायला तेथे कोणी बसले नव्हते.

याच परंपरेतले १९३६ चे बार्सिलोना. हिटलरच्या बर्लिन ऑलिंपिकला उत्तर म्हणून तेथे १९ जुलैपासून जनतेचे ऑलिंपियाड व्हायचे होते. त्याला स्पेन आणि कॅटलोनिया येथील सरकारांचे साहाय्य होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सुमारे सहा हजार खेळाडूंनी नावे नोंदवली होती. जर्मनी-इटलीतून परागंदा झालेले, स्वतःचे राज्य नसलेले बास्क, गॅलिशियन असे संघही त्यांत होते. उद्घाटनाच्या दिवशी पहाटे शहरात लष्करी बंडाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि स्पर्धा झाल्याच नाहीत. आलेल्यांपैकी काही जण माघारी न जाता लोकसेनेत दाखल झाले. जर्मनीत हिटलरने १९३३ मध्ये आणि ऑस्ट्रियात डॉल्फुसने १९३४ मध्ये कामगारांच्या क्रीडा संघटना चिरडल्या, त्या या संघटना हुकूमशहांना किती बोचत होत्या त्याचा दाखला म्हणून.

अर्थात आपल्या घरचे पापही झाकू नये. मॉस्कोप्रणीत लाल क्रीडा आंतरराष्ट्रीय आणि समाजवादी कामगार क्रीडा आंतरराष्ट्रीय यांचे पटत नव्हते. १९२८ मध्ये मॉस्कोने स्वतःचे स्पार्टाकियाड वेगळे भरवले आणि कामगारांच्या मैदानात चूल मांडून दुही केली. नाझींच्या उदयाच्या ऐन काळात ही भांडणे चालली होती. पक्ष सत्तारूढ झाला की तोही खेळाडूकडे सरकारी नजरेने पाहू लागतो.

स्त्रियांचे उदाहरण याहून सुखाचे आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ॲथलेटिक्स वर्ज्य होते तेव्हा फ्रान्सच्या ॲलिस मिलिया यांनी १९२२ मध्ये पॅरिसला स्त्रियांच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरवल्या. मागे ना कोणते राष्ट्र ना कोणाचा खजिना. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला ऑलिंपिक समितीला स्त्रियांच्या पाच शर्यती-प्रकारांना जागा द्यावी लागली. वर्णद्वेषाविरुद्धच्या बहिष्काराचेही असेच. तो मागितला होता दक्षिण आफ्रिकेतील दडपलेल्या खेळाडूंनी आणि त्यांच्या निर्वासित संघटनेने. सरकारे त्यांच्या मागून आली. १९७४ च्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीवर भारताने पाणी सोडले, १९८६ मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धांना भारतासह ३२ देश गेले नाहीत. ते नुकसान सोसणाऱ्या खेळाडूला निदान कोणासाठी सोसतो हे सांगता येत होते.

आता आजच्या काळाकडे. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाच्या संघांना बहुतेक जागतिक स्पर्धांची दारे बंद झाली. जून २०२४ मध्ये रशियाने कझान येथे ब्रिक्स क्रीडास्पर्धा भरवल्या. भारताचेही खेळाडू गेले होते. निम्म्याहून अधिक सुवर्णपदके यजमानांनीच जिंकली. त्याच सप्टेंबरात मॉस्को आणि येकातेरिनबुर्ग येथे 'जागतिक मैत्री क्रीडास्पर्धा' व्हायच्या होत्या. १९८४ चे नाव जाणूनबुजून पुन्हा घेतलेले, शिवाय घसघशीत रोख बक्षिसे. मार्च २०२४ मध्ये ऑलिंपिक समितीने खेळाचे राजकारण केल्याबद्दल रशियाचा निषेध केला. समितीच्या तोंडी हे शब्द शोभत नाहीत. इराकवर चढाई केल्याच्या दुसऱ्या वर्षी अमेरिका अथेन्समध्ये पूर्ण इतमामाने उतरली होती आणि गाझात हजारो मुले मरत असताना इस्रायलचा ध्वज पॅरिसच्या संचलनात होता. साठ वर्षांपूर्वी जाकार्ताने दाखवलेला दुटप्पीपणा जसाच्या तसा आहे, आणि म्हणूनच मॉस्कोच्या निमंत्रणाला 'जगाच्या दक्षिणेची एकजूट' असे नाव दिले की आपल्याकडील डाव्या मंडळींनाही ते क्षणभर गोड वाटते. युक्रेनमधील शहरांवर बाँब टाकणाऱ्या सत्तेला वसाहतवादविरोधाची वस्त्रे किती सैल होतात, हे मात्र त्यांनी पाहावे.

राज्यसत्तेला असल्या मेळ्यांतून खरोखर पर्याय उभारायचा असतो, हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. इंडोनेशियाने गानेफोनंतर वर्षभराच्या आतच ऑलिंपिक चळवळीत आपली जागा परत मिळवली. गानेफोचे भाडे भरणारा चीन १९७९ मध्ये ऑलिंपिक समितीत परतला, २००८ मध्ये त्याने बीजिंगला ऑलिंपिक भरवले आणि नवोदित शक्तींचे नावही काढले नाही. सोव्हिएत संघ १९८८ मध्ये सोलला हजर होता. मुख्य दालनातील खुर्ची मिळेपर्यंत अंगणात वेगळा मांडव घालायचा, हा सौद्याचा भाग असतो; खुर्ची मिळाली की मांडव उतरवतात. मॉस्कोच्या मैत्री स्पर्धा आधी पुढे ढकलल्या गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने विशेष निर्णय होईपर्यंत तहकूब झाल्या. ऑलिंपिक समितीचे नेतृत्व तेव्हा बदलण्याच्या बेतात होते आणि परतीच्या वाटा पुन्हा चाचपल्या जात होत्या. पॅरिसला ध्वजाविना, राष्ट्रगीताविना जाण्याची तयारी दाखवणारे पंधरा रशियन खेळाडू तेवढे खेळून आले. उरलेल्यांपैकी जे मैत्री स्पर्धांच्या आशेवर दोन वर्षे सराव करीत राहिले, त्यांना हुकुमाची प्रत मिळाली.